पित्ताचे खडे

आपल्या मराठी घरांत ‘पित्त’ हा शब्द जितका राबविला जातो, तितका वैद्यकांतील दुसरा कोणताही शब्द राबविला जात नसेल. उपाशी पोटीं दोन कप चहा झाला आणि छातींत जळजळलें, कीं आपण म्हणतों, ‘पित्त झालें.’ अंगावर लाल गांधी आल्या, कीं ‘पित्त उठलें.’ डोकें ठणकून शेवटीं कडू ओकारी झाली, कीं ‘पित्त पडलें, आतां बरें वाटेल.’ आणि चिरंजीवांनीं उलट उत्तर केलें, कीं तीर्थरूपांचें ‘पित्त खवळतें.’ शब्द एकच. पण पहिल्या प्रसंगीं दोष जठरांतील आम्लाचा असतो, दुसऱ्या प्रसंगीं त्वचेच्या अ‍ॅलर्जीचा, तिसऱ्या प्रसंगीं बहुधा अर्धशिशीचा, आणि चौथ्या प्रसंगाला वैद्यकांत औषध नाहीं. ज्याला शरीरशास्त्रांत पित्त म्हणतात, तो यकृतांत तयार होणारा हिरवट पिवळा रस या चारही ठिकाणीं मूळ कारण म्हणून कोठेंच नसतो.

हा नुसताच शब्दांचा घोळ असता, तर एखाद्या संस्कृतच्या शिक्षकानें तो फळ्यावर लिहून दाखवावा आणि तास संपवावा, इतकीच त्याची किंमत होती. पण तसें नाहीं. खऱ्या पित्ताच्या पिशवींत जेव्हां खडे होतात आणि त्यांचें दुखणें सुरू होतें, तेव्हां त्या दुखण्याला द्यावयाचें नांव घरांत अगोदरच तयार असतें. ‘पित्त आहे झालें!’ मग आमसुलाचें सार होतें, मोरावळा निघतो, सूतशेखराची मात्रा दिली जाते, हल्लीं त्याच्या जोडीला दुकानांत मिळणारी आम्लनाशक गोळी असते. दुखणें दोन तासांनीं आपोआप थांबतें आणि श्रेय ज्याचें त्याला मिळतें. असे महिने जातात, वर्षें जातात.

माझी धाकटी बहीण मुलुंडला असते. वय छप्पन्न, अंगानें किंचित् स्थूल, दोन मुलें, कामाला वाघीण. कांहीं वर्षांपूर्वींच्या गणपतींत एकवीस मोदकांचा नैवेद्य झाला, घरच्यांनीं तुपाची धार सैल सोडून ते खाल्ले, आणि त्या रात्रीं दीड वाजतां तिला छातीच्या हाडाखालीं कोणी पिळून काढावें तसें दुखूं लागलें. दुखणें उजव्या बरगडीखालून पाठींत, थेट खांद्याच्या फऱ्यापर्यंत गेलें. साडेतीनला थांबलें. पुढील दोन वर्षांत असे सहा-सात झटके आले. प्रत्येकाला कारण तयार होतें. कधीं वडे, कधीं जागरण, कधीं लग्नांतलें जेवण. मीं विचारलें, कीं ती म्हणे, ‘‘अण्णा, पित्तच तें. आईला नव्हतें का होत?’’ मग एका डिसेंबरांत तिच्या अंगाला खाज सुटली, लघवी गडद चहासारखी होऊं लागली आणि डोळे पिवळे झाले. शेजारच्या बाईंनीं कावीळ उतरविणाऱ्याचा पत्ता दिला. तो गळ्यांत माळ बांधतो, ती जसजशी लांबत जाते तसतशी कावीळ उतरते असा लौकिक. जाण्याचें ठरलेंही होतें. पण सूनबाईंनीं एक गोष्ट विचारली, जी विचारण्याचा घरांत कोणाला संकोच वाटला असता. शौचाचा रंग कसा आहे? तो शाडूच्या मातीसारखा पांढुरका होता. सूनबाईंनीं त्याच दुपारीं टॅक्सी बोलावली. संध्याकाळपर्यंत हुडहुडी भरून ताप चढला. सोनोग्राफींत पित्ताची पिशवी खड्यांनीं भरलेली निघाली, आणि त्यांतला एक खडा घरंगळून मुख्य पित्तनलिकेंत अडकला होता. कोंडलेल्या पित्तांत जंतु वाढून तें विष रक्तांत उतरूं लागलें होतें. रात्रींच तोंडावाटे दुर्बीण घालून खडा ओढून काढला, आणि आठवड्याच्या आंत पिशवीही काढली. आणखी एक-दोन दिवस माळेच्या भरंवशावर गेले असते, तर हा लेख मीं लिहिला नसता.

पांढुरक्या शौचाची खूण कांहीं नवी नाहीं. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत, पांडुरोगाच्या सोळाव्या अध्यायांत, कामलेचा एक प्रकार वेगळा काढला आहे, ज्यांत रोग्याला वाटलेल्या तिळांसारखें शौच होतें. आणि कारण सांगितलें आहे, कीं पित्ताचा मार्ग कफानें अडला असल्यामुळें तें कोठ्यांत उतरत नाहीं. कफाच्या जागीं खडा किंवा गांठ हे शब्द ठेवले, कीं आजच्या शस्त्रवैद्याला त्यांत बदलण्यासारखें फारसें उरत नाहीं. शौचाला रंग येतो तो पित्तामुळें. पित्त आंतड्यांत पोहोंचलेंच नाहीं, तर शौच फिकें होणार आणि तोच रंग रक्तांतून डोळ्यांत, कातडींत व लघवींत उतरणार. विषाणूंमुळें होणारी कावीळ पुष्कळदां विश्रांतीनें बरी होते, आणि माळ, चुन्याच्या पाण्यानें हात धुणें, नाकांत पिळलेलें औषध, या सगळ्यांचें यश त्या आपोआप बऱ्या होणाऱ्या काविळीवर उभें आहे. अडथळ्याची कावीळ मात्र माळेला भीक घालीत नाहीं.

आतां पित्ताचा संसार पाहूं. यकृत दिवसाकांठीं पाऊण लिटरच्या आसपास पित्त तयार करतें. जेवण नसतें तेव्हां त्यांतला बराच भाग यकृताच्या खालच्या अंगाला चिकटलेल्या एका पेरूच्या आकाराच्या पिशवींत सांठतो. हेंच पित्ताशय. लांबी सात ते दहा सेंटिमीटर, मावतें तें तीस ते पन्नास मिलिलिटर, म्हणजे लहान वाटीभर देखील नव्हे. पण पाणी शोषून घेऊन हें पित्त पांच-दहा पट दाट करण्याची कला त्याच्या अंगीं आहे. आपण तुपाचा घांस खाल्ला, कीं तो लहान आंतड्याच्या तोंडाशीं येतांच तेथून एक रासायनिक निरोप रक्तावाटे निघतो. अमेरिकेंतील आयव्ही आणि ओल्डबर्ग यांनीं १९२८ मध्यें तो प्रथम दाखवून दिला व त्याला कोलेसिस्टोकायनिन असें लांबलचक नांव ठेवलें. निरोप मिळाला, कीं पिशवी आंवळते व दाट पित्त आंतड्यांत ओतते. साबणानें जसें तेलकट भांड्याचें तेल सुटतें, तसें हें पित्त स्निग्ध पदार्थांचे बारीक कण करतें. तुपाच्या जेवणानंतरच दुखणें कां सुरू होतें, याचें उत्तर येथें आहे. पिशवी आंवळली, तोंडाशीं खडा आला, आणि बाहेर पडण्याची वाट बंद झाली.

खडा होतो कसा? पित्तांत कोलेस्टेरॉल असतें. तें पाण्यांत विरघळत नाहीं. पित्तक्षार व लेसिथिन हे दोघे त्याला धरून ठेवतात. यकृतानें कोलेस्टेरॉल अधिक सोडलें, किंवा धरून ठेवणारे कमी पडले, किंवा पिशवी आळशी होऊन पित्त नुसतेंच सांठून राहिलें, कीं त्याचे स्फटिक होऊं लागतात. थंडींत मधाच्या बाटलीच्या तळाशीं साखर बसते, तिची आठवण व्हावी. एकावर एक थर चढून कोणाच्या पिशवींत लिंबाएवढा एकच खडा होतो, कोणाच्या पिशवींत मोहरीसारखे शेंकडों. लोकांना मोठ्या खड्याची भीति वाटते. पण वाटेला लागून नलिकेंत अडकण्याचा धोका लहान खड्यांचा अधिक असतो, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. दुसऱ्या जातीचे खडे काळे किंवा तपकिरी असतात. ते कोलेस्टेरॉलचे नव्हेत, तर मोडलेल्या तांबड्या पेशींपासून निघणाऱ्या बिलिरुबिन या रंगद्रव्याचे. विदर्भांत आणि नंदुरबारकडे आदिवासी बांधवांत सिकलसेल नांवाचा रक्ताचा आनुवंशिक रोग आढळतो. त्यांत तांबड्या पेशी अकालीं मोडतात आणि मुलांच्या पिशवींत देखील काळे खडे सांपडतात.

या बाबतींत आपल्या देशांत उत्तर-दक्षिण असा भेद आहे. रेल्वेच्या वैद्यकीय खात्यांतील डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनीं रेल्वेच्या नोकरवर्गाचा अभ्यास करून १९६८ मध्यें असें प्रसिद्ध केलें, कीं हा रोग दक्षिणेपेक्षां उत्तरेकडील नोकरांत सातपट आढळतो. उत्तरेकडे कोलेस्टेरॉलच्या खड्यांचें प्रमाण अधिक, दक्षिणेकडे रंगद्रव्याच्या. पित्ताशयाचा कर्करोग, जो खडे असलेल्यांतच बहुतकरून होतो, तोही गंगेच्या कांठच्या प्रांतांत अधिक. महाराष्ट्र या दोहोंच्या मध्यें. आणि अंधेरी, बोरिवली, घाटकोपर या आपल्या उपनगरांत तर एका जिन्यावर चार प्रांतांचीं बिऱ्हाडें असतात. तेव्हां ‘आमच्याकडे हा रोग नसतो’ असें म्हणण्याची सोय कोणालाच उरलेली नाहीं.

स्त्रियांना हा त्रास पुरुषांच्या सुमारें दुप्पट होतो. गरोदरपण आणि स्त्रीदेहांतील अंतःस्राव हीं त्याचीं कारणें. शिवाय चाळिशी उलटलेली असणें, वजन वाढलेलें असणें, मधुमेह असणें, आणि घरांत कोणाला खडे झालेले असणें. एक कारण मात्र आपल्या घरांना विशेष लागू आहे, आणि तें म्हणजे उपवास. एका एकादशीनें कोणाला खडे होत नाहींत, ही भीति कोणी बाळगूं नये. परंतु दीर्घ काळ अन्न घेतलें नाहीं तर पिशवी आंवळतच नाहीं, पित्त सांठून दाटतें. आणि वजन झपाट्यानें, आठवड्याला दीड किलोहून अधिक, उतरविलें तर चरबींतील कोलेस्टेरॉल पित्तांत उतरून खडे होण्याचा संभव पुष्कळच वाढतो. चातुर्मासभर एकभुक्त राहणाऱ्या जुन्या बायका तितक्या झपाट्यानें वाळत नसत. आतां लग्नापूर्वीं महिन्याभरांत दहा किलो घालविण्याचा संकल्प सोडणाऱ्या मुली वाळतात. आणि ज्याला अगोदरच खडे आहेत, त्यानें ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ या न्यायानें तुपांतली साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याची आमटी आणि बटाट्याचा कीस चापला, तर द्वादशीची पहाट तो दवाखान्यांत काढील यांत नवल नाहीं.

येथें एक शब्दाची गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाहीं. पुष्कळ जाहिरातींत ‘पित्ताश्मरीवर सुश्रुतोक्त उपाय’ असें छापलेलें असतें. सुश्रुतानें अश्मरीचे चार प्रकार सांगितले आहेत हें खरें, आणि त्यांत पित्तापासून होणारी अश्मरी आहे हेंही खरें. पण निदानस्थानाचा तिसरा अध्याय उघडून पाहिला तर तो सगळा बस्तीचा, म्हणजे मूत्राशयाचा, विचार आहे. तेथें पित्त हा दोष आहे, ठिकाण नव्हे. तो खडा बिब्याच्या बीसारखा दिसतो, लघवीच्या वाटेंत आग करतो. म्हणजे सुश्रुताचा तो पित्ताश्मरी मुतखडा आहे, आणि आजच्या जाहिरातींतला पित्ताश्मरी पित्ताशयांतला आहे. नांव एक, अवयव दोन! मुतखडा लघवीबरोबर वाहून जाऊं शकतो म्हणून पुष्कळ पाणी, कुळथाचें कढण, पाषाणभेद हे उपाय त्यासाठीं सांगितले गेले. पित्ताशयांतून लघवीकडे वाटच नाहीं, तेव्हां कुळथानें तो खडा कोणत्या मार्गानें यावा? ज्या ग्रंथाला प्रमाण मानावयाचें, तो निदान उघडून पाहावा, एवढीच अपेक्षा.

पित्ताशयांतला खडा आपल्या पूर्वजांना ठाऊक नव्हता असें मात्र नव्हे. तो त्यांना गाईच्या पोटीं सांपडला. गोरोचन म्हणजे गाईबैलांच्या पित्ताशयांतील खडा. तोच उगाळून तिलक लावीत, तोच औषधांत घालीत, आणि कुमारसंभवाच्या सातव्या सर्गांत पार्वतीच्या विवाहप्रसंगीं तिच्या अंगावर ज्या रंगाची पत्ररचना केली आहे, तो रंग याच वस्तूचा. आजही पूर्वेकडील देशांत औषधासाठीं त्याला सोन्याच्या तोडीची किंमत येते. माणसाच्या खड्याला मात्र कोणी विचारीत नाहीं.

खड्याचें दुखणें ओळखावें कसें? छातींतली जळजळ हें त्याचें लक्षण नव्हे, आणि करपट ढेंकर, पोट फुगणें हींही खात्रीचीं लक्षणें नव्हेत. या तक्रारी शस्त्रक्रियेनंतरही राहूं शकतात. खरी कळ छातीच्या हाडाखालीं किंवा उजव्या बरगडीखालीं येते, बहुधा जेवणानंतर दोन-तीन तासांनीं, पुष्कळदां मध्यरात्रीं. ती वाढत जाऊन स्थिर राहते, कुशीवर वळल्यानें किंवा शौचास झाल्यानें कमी होत नाहीं, आणि अर्ध्या तासापासून पांच-सहा तासांपर्यंत टिकून जाते. सोबत मळमळ, ओकारी, आणि उजव्या खांद्याच्या फऱ्यांत दुखणें. छातींतली कळ पन्नाशीपुढील माणसाला आली, तर ती पित्ताशयाचीच असें घरीं बसून ठरवूं नये. हृदयविकाराचें दुखणें हुबेहूब असेंच असूं शकतें, यासाठीं हृदयाचा आलेख प्रथम काढावा.

कळ सहा तासांपुढें गेली आणि ताप आला, तर पिशवीला सूज आली असें समजावें. ताप, उजवीकडचें दुखणें आणि कावीळ हीं तिन्हीं एकत्र आलीं तर तो नलिकेंतला जंतुसंसर्ग. एकोणिसाव्या शतकांतील फ्रेंच वैद्य शार्को याचें नांव या त्रयीला आहे, आणि तिच्यांत घटकांचा हिशेब असतो, दिवसांचा नव्हे. तिसरें संकट स्वादुपिंडाचें. पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नलिका आंतड्यांत एकाच तोंडानें उघडतात. तेथें बारीक खडा अडला, कीं स्वादुपिंडाचा पाचकरस त्यालाच पचवूं लागतो. पोटांतून पाठींत आरपार जाणारें, वांकून बसल्यानें किंचित् हलकें होणारें असह्य दुखणें, हें त्याचें रूप. दारूला न शिवणाऱ्या घरांत स्वादुपिंडाचा दाह झाला, तर पहिला संशय खड्यावर घ्यावा. वृद्धांना व मधुमेह्यांना मात्र हीं लक्षणें पुरतीं दिसतही नाहींत. नुसता थकवा, थोडा ताप, जेवण नको होणें, आणि आंत पिशवी कुजलेली.

आतां दुसऱ्या टोकाची गोष्ट, जी पहिलीइतकीच सांगितली पाहिजे. गल्लोगल्लीं सोनोग्राफी झाल्यापासून दुसऱ्याच कारणासाठीं गेलेल्या माणसाला कागदावर खडे भेटूं लागले आहेत. पूर्वीं हें होत नसे. साध्या एक्स-रेंत पित्ताचे खडे शंभरांत दहा-पंधराच दिसतात, सोनोग्राफींत मात्र बहुतेक सगळे. आणि या खडेवाल्यांपैकीं शंभरांत सुमारें ऐंशींना कसलाही त्रास नसतो. दरवर्षीं त्यांतल्या शंभरांत एकदोघांना, फार तर तीनचौघांना तो सुरू होतो. तेव्हां ‘खडे दिसले, उद्यां काढा’ हा सल्ला सर्वांस लागू नाहीं. मुक्या खड्याला मुका राहूं द्यावा, असा सर्वसाधारण नियम आहे. अपवाद आहेत. खडा तीन सेंटिमीटरहून मोठा, पिशवीची भिंत चुन्यानें कडक झालेली, आंत एक सेंटिमीटरहून मोठी गांठ, सिकलसेलचा रोगी. अशांना त्रास नसतांही शस्त्रक्रिया सुचविली जाते. पण एकदां खरी कळ येऊन गेली, कीं खडा मुका राहिला नाहीं. मग ती पुन्हां येण्याची शक्यता इतकी मोठी असते, कीं चालढकल करण्याला अर्थ नाहीं. घाईनें शस्त्रक्रिया करून घेणारा आणि दुखणें अंगावर काढणारा, हे दोघेही एकाच इमारतींत राहतात. दोघांनाही वैद्याला एकच प्रश्न विचारावा: ‘‘मला जें होतें, तें या खड्यांचेंच आहे का?’’

घरगुती उपायांपैकीं एकाचा समाचार घेतला पाहिजे, कारण तो सुशिक्षित घरांतच फिरतो. दिवसभर सफरचंदाचा रस प्यावा, रात्रीं ऑलिव्हचें तेल व लिंबाचा रस घ्यावा, सकाळीं शौचांतून हिरवे मऊ खडे पडतात. लोक ते धुऊन दाखवितात. न्यूझीलंडच्या एका रुग्णालयांत एका बाईनें असेच खडे आणून दिले. तेथील वैद्यांनीं त्यांचें पृथक्करण करून २००५ मध्यें लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकांत निकाल छापला. त्यांत ना कोलेस्टेरॉल होतें, ना बिलिरुबिन. चाळीस अंश उष्णतेला ते वितळले. तो प्यालेल्या तेलाचाच पोटांत झालेला साबण होता! बाईंचे खरे खडे पिशवींत जागच्या जागीं होते. औषधानें खडा विरघळविण्याचा शास्त्रीय उपाय एक आहे. अर्सोडिऑक्सिकोलिक आम्लाच्या गोळ्या. पण त्या लहान कोलेस्टेरॉलच्या खड्यांनाच लागू, सहा महिन्यांपासून दोन वर्षें घ्याव्या लागतात, आणि थांबविल्यावर पांच वर्षांत निम्म्या रोग्यांचे खडे परत येतात. पिशवी तीच, पित्त तेंच, मग खडेही तेच.

पिशवीच काढून टाकावी, हा विचार प्रथम अंमलांत आणला बर्लिनच्या कार्ल लांगेनबुख यानें, १५ जुलै १८८२ रोजीं. त्रेचाळीस वर्षांचा रोगी, अनेक वर्षांचें दुखणें. तो बरा होऊन घरीं गेला. लांगेनबुखचें म्हणणें साधें होतें, कीं खडे काढून भागत नाहीं, खडे करणारें घर मोडलें पाहिजे. पिशवीवांचून माणूस जगेल कसा, ही शंका आजही विचारली जाते. घोड्याला पित्ताशय नसतें, उंदरालाही नसतें, आणि दोघांची पळापळ आपण पाहतोंच. पित्त यकृतांतच होतें. पिशवी गेली, तर तें सांठत नाहीं, थेट वाहतें, इतकेंच.

त्यानंतर शंभर वर्षें ही शस्त्रक्रिया उजव्या बरगडीखालीं वीतभर चीर देऊन होत असे, आणि ती भीति आजही वडील पिढीच्या मनांत आहे. १२ सप्टेंबर १९८५ रोजीं जर्मनींतील बॉब्लिंगेन येथें एरिक म्युहे यानें दुर्बिणीतून पिशवी काढली. त्याच्याच देशांतील शस्त्रवैद्यांनीं त्याची थट्टा केली. १९९२ मध्यें त्यांनींच त्याचा सन्मान केला. मध्यंतरीं, १९८७ मध्यें, फ्रान्सांतील लियों येथें फिलिप मूरे यानें तीच गोष्ट केली आणि ती जगभर गेली. आणि १९९० च्या मे महिन्यांत ती भायखळ्याला आली. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या नांवाचें, १८४५ सालचें, आपलें जे. जे. रुग्णालय, तेथें डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनीं दुर्बिणीनें पित्ताशय काढण्याची भारतांतील पहिली शस्त्रक्रिया केली. हें एका दिवसांत झालें नाहीं. १९७२ पासून ते दुर्बिणीनें पोट तपासण्याचें काम करीत होते, आणि या खेळण्याचा गरीब देशाला काय उपयोग, असें त्यांना ऐकावें लागत होतें. त्यांचा हिशेब उलटा होता: ज्या रोग्याची रोजी दिवसावर आहे, त्यालाच दोन दिवसांत उठून कामावर जाण्याची गरज सर्वांत अधिक. कांहीं महिन्यांतच पुण्याला डॉ. ज्योत्स्ना कुलकर्णी यांनींही ती शस्त्रक्रिया केली. उदवाडिया यांना २००६ मध्यें पद्मश्री व २०१७ मध्यें पद्मभूषण मिळालें; जानेवारी २०२३ मध्यें ते वारले. मोठ्या खासगी रुग्णालयांत श्रीमंतांसाठीं नव्हे, तर सरकारी रुग्णालयांत ही गोष्ट प्रथम झाली, याचा अभिमान मुंबईकरानें अवश्य बाळगावा.

आज ही शस्त्रक्रिया करवून घेण्यासाठीं उपनगरांतल्या माणसाला भायखळ्याला जावेंच लागतें असें नाहीं, परळचें के. ई. एम., शीवचें लोकमान्य टिळक, विलेपार्ल्याचें कूपर, या महानगरपालिकेच्या रुग्णालयांत ती होते, आणि खासगी रुग्णालयें तर स्टेशनागणिक आहेत. पोटांत कर्बवायु भरून तें फुगवितात, अर्ध्या ते एक सेंटिमीटरचीं तीन-चार छिद्रें पाडतात, एकांतून दुर्बीण जाते व बाकीच्यांतून हत्यारें. पिशवीची नळी व रक्तवाहिनी चिमटे लावून बंद करतात आणि पिशवी बेंबीच्या वाटेनें बाहेर काढतात. बहुतेक लोक एक-दोन दिवसांत घरीं येतात. खांद्यांत दुखतें तें उरलेल्या वायूमुळें. दोन दिवसांत जातें. सूज फार असेल, तर वैद्य मध्येंच दुर्बीण ठेवून मोठी चीर देतो; तें अपयश नव्हे, शहाणपण होय. खरा धोका एक आहे, पिशवीची नळी समजून मुख्य पित्तनलिकाच कापली जाण्याचा. हजारांत तिघां-पांचांना तो होतो; पण ज्याला होतो, त्याचें आयुष्य बदलतें. म्हणून जो शस्त्रवैद्य ही क्रिया नित्य करतो, त्याच्याकडेंच जावें, आणि त्याला तसें विचारण्यांत संकोच धरूं नये. सुजलेली पिशवी पूर्वीं सहा आठवडे थंड होऊं देत. आतां पहिल्या तीन दिवसांत काढणें अधिक हिताचें ठरलें आहे, तेव्हां ‘जरा बरें वाटूं द्या, मग पाहूं’ असा आग्रह घरच्यांनीं धरूं नये.

पुढें पथ्य काय, हा प्रश्न स्वयंपाकघरांतून येतोच. पहिले कांहीं आठवडे तळलेलें व फार तुपाचें जपून खावें, थोडें थोडें खावें. कांहींना कांहीं दिवस शौच पातळ होतें. मग नेहमींचें जेवण चालतें. माझी बहीण यंदाच्या गणपतींत मोदक खाते आहे, तूप घालून.

एक कागद मात्र विसरूं नये. घरीं निघतांना खडे एका बाटलींत घालून देतात; ते लोक कौतुकानें आणतात, पाहुण्यांना दाखवितात, मोजतात. पण पिशवी सूक्ष्मदर्शकाखालीं तपासणीस पाठविलेली असते आणि तिचा अहवाल आठ-दहा दिवसांनीं येतो. तोंवर टांके वाळलेले असतात, दुखणें गेलेलें असतें, आणि तो आणावयास पुष्कळदां कोणी जातच नाहीं. पित्ताशयाचा कर्करोग आरंभीं याच कागदावर सांपडतो, आणि तेव्हांच सांपडला तर बरा होण्याची आशा असते. तो अहवाल आणावा, तो वैद्याला दाखवावा, आणि बाटली त्यानंतर टाकून दिली तरी चालेल.